मंचाखालचं मीठ

ऐका हो ऐका. नागपूर शहरातल्या सर्व जिवंत नागरिकांना, तसेच दुकानं, रस्ते आणि पार्किंगच्या खाली कायम मुक्कामास असलेल्या सर्व मृत नागरिकांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, वसंताच्या तेरवीला, भर दुपारी, जिलबी खुसखुशीत होती, पनीर मऊ होतं आणि मठ्ठ्यात जिरं थोडं जास्त पडलं होतं. ही वार्ता विश्वसनीय सूत्रांकडून, म्हणजे जेवून हात धुणाऱ्या तुझ्या नातेवाइकांकडून प्राप्त झाली आहे.

हसू नको बे. तुला घोषणा आवडायच्या नाहीत, ठाऊक आहे मला. पण मी दुसरं काय करू? लग्नात, बारशात, निवृत्तीत, साठीशांतीत माईक धरून बोलणं हा माझा धंदा. तीस वर्षं झाली, मी नागपूरकरांना 'कृपया बसून घ्या' म्हणतोय आणि ते उभेच आहेत. माझा गळा घोषणेतच उघडतो. रडायला गेलो की नुसता खोकला येतो.

तुझं शिक्षण, नोकरी, कोण कोण मागे राहिलं, ते सगळं पेपरच्या चौकटीत आलं. अमोलनं फोटो आधार कार्डावरचा दिला. तुझ्या पोराला दुसरा सापडला नाही, कारण बाकीच्या सगळ्या फोटोंत तू वाकून कुठल्यातरी दगडाकडे बघत आहेस. ते सोड. मला जे सांगायचं आहे ते तुला घरातलं कुणी सांगणार नाही, कारण त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. वसंता, तुझी तेरवी त्या लॉनवर झाली.

हो, त्याच. नंदनवनच्या पलीकडचं, नाल्याकाठचं. ज्याच्या फाटकातून तू कधी आत गेला नाहीस, सख्ख्या साडूच्या पोरीच्या लग्नातसुद्धा नाही. घरी तू काय सांगायचास? 'तिथलं जेवण मले बाधते.' वहिनी अजून तेच धरून बसल्यात. परवा म्हणाल्या, 'भाऊजी, यांना तिथलं तेल सोसायचं नाही. पण आता यांना कुठं जेवायचं आहे?' आणि डोळे पुसता पुसता जराशा हसल्या. मी पण हसलो. मग घरी येऊन बेसिनपाशी उभा राहिलो बराच वेळ.

थांब, नीट सांगतो. तुझ्या भाषेत, मोजत मोजत.

तू भूकरमापक होतास, सरकारी पगारावर लोकांच्या जमिनी मोजणारा. कचेरीत कापडावर चिकटवलेले जुने नकाशे होते आणि त्यांच्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं तुला दिसायचं: कबरस्तान. समाधी. मसनवटी. आजच्या नकाशात त्याच जागी गाळे, बगीचा, पार्किंग. एकदा तू मला विचारलंस, 'हे लोक गेले कुठं बे?' मी म्हटलं, 'मेलेले कुठं जाऊन राहिले? तिथंच असतील.' मी विनोद केला होता. तू तो इतका मनावर घेतलास की पुढची नऊ वर्षं माझे रविवार त्यात गेले.

सकाळी सहाला तुझी स्कूटर दारात. डिकीत मोजपट्टी, खिशात नकाशाची झेरॉक्स, आणि मी मागे, अर्धवट झोपेत, आदल्या दिवशीच्या लग्नाचा आवाज अजून कानात घुमत. काय काय दाखवलंस तू मला! सीताबर्डीतल्या त्या बोळात गोसाव्याची समाधी आठवते? भोसल्यांच्या काळी गोसावी मोठी असामी, गेल्यावर त्यांना जाळत नसत, बसवून मातीत ठेवत. नकाशात होती म्हणून तू अडीच तास मोजत राहिलास. शेवटी सापडली ती मोबाईलच्या कव्हरांमागे. समाधीला चहूबाजूंनी खिळे ठोकून जाळी बसवली होती आणि जाळीवर गुलाबी, चमकीची, सशाच्या कानाची कव्हरं. तू चपला काढून वाकलास. दुकानदार म्हणाला, 'अंकल, मॉडल कौनसा?'

'भाऊ, ही समाधी आहे गा.'

'नाही काका, स्टँड आहे ते. माह्या बापानं दुकान घेतलं तवापासून स्टँडच आहे.'

मी हसता हसता मागच्या भिंतीला टेकलो आणि पाठ ओली झाली. त्या भिंतीचा बाजारातले लोक काय उपयोग करतात ते नाकानं मघाच सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. तू मला स्कूटरवर बसू देईनास. 'पायी ये,' म्हणालास, आणि बरोबर स्कूटर ढकलत तूही पायीच आलास.

आणि ती मजार, रस्त्याच्या मधोमध. सिमेंटचा रस्ता दर वेळी एक वीत वर येतो आपल्याकडे, लोकांची घरं खाली जातात, तशी ती कबरही खड्ड्यात गेली होती. खड्ड्यात सुपारी-तंबाखूच्या खर्र्याच्या पन्न्या, चहाचे कागदी कप, कुणाची तरी तुटकी चप्पल, आणि चारी कडांना लाल पिचकाऱ्या. हिरव्या चादरीवरसुद्धा. तू हातानं उचलत होतास. मी नाक दाबून बाजूला उभा राहून निवेदन करत होतो: 'आणि आता मान्यवरांच्या हस्ते पन्नी क्रमांक एकोणीस.' एक माणूस मोटारसायकल थांबवून बघत राहिला. मला वाटलं, मदत करेल. त्यानं तोंड रिकामं केलं, त्याच खड्ड्यात, आणि गेला. मी त्याला शिव्या दिल्या. तू म्हणालास, 'त्याले माहीतच नाही ना बे, खाली कोणी आहे म्हणून.' मला तुझा हा समजूतदारपणा कधी आवडला नाही. आजही आवडत नाही. त्याला डोळे होते. चादर दिसत होती.

एक मात्र मी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात विनोद सापडत नाही. जुन्या वस्तीतल्या एका अंगणात ती बाई कपडे धूत होती, आणि तू तिच्या धुण्याच्या दगडाकडे बघत उभा राहिलास. परक्या बाईच्या धुण्याकडे असं बघणं बरं दिसत नाही, म्हणून मीच विचारलं, 'वहिनी, दगड कुठून आणला?'

'सासऱ्यानं आणला जी. लय मजबूत हाये. तीन सुना धुऊन राहिल्या त्याच्यावर.'

तू विनंती केलीस. तिच्या दिरानं सब्बल आणली, आणि आपण तो पालथा दगड उलटला. खालच्या बाजूला चिखल, गोगलगायी, आणि चिखलाखाली इंग्रजी अक्षरं, काल कोरल्यासारखी. कुण्या साहेबाचा मुलगा होता. अकरा महिन्यांचा.

'काय लिवलं हाये?' तिनं विचारलं.

'लेकरू होतं वहिनी. वर्षाचंबी नव्हतं,' तू सांगितलंस.

बादलीतलं स्वच्छ पाणी होतं ते तिनं त्या अक्षरांवर ओतलं, पदरानं पुसलं, मग विचारलं, 'मंग आमी आता धुवाव का नाई याच्यावर?'

तू म्हणालास, 'धुवा. पण होता तसाच पालथा ठेवा. पालथा होता म्हणून तर नाव राहिलं.'

परत येताना तर्री पोह्यांच्या टपरीवर थांबलो, तू प्लेट तशीच ठेवलीस, तुझी तर्री मीच ओरपली. मला ठाऊक होतं तू कुठे गेला होतास मनानं. मी विचारलं नाही. मी तिखट लागल्याचं नाटक केलं.

आता तिथे यावंच लागेल.

तू पंधराचा, मी तेराचा. तुझ्या आईला बऱ्याच वर्षांनी दिवस गेले होते, मुलगी झाली. आठव्या दिवशी सकाळी ती थंड झाली. तुझे वडील कालव्याच्या कामावर तिकडे पारशिवनीच्या बाजूला, निरोप पोचायलाच दोन दिवस. शेजारच्या नारायणकाकांनी कुदळ घेतली. मोठं माणूस गेलं की तिरडी, घाट, लाकडं, खांदेकरी. तान्हं लेकरू गेलं की त्याला जाळत नाहीत, मातीत ठेवतात, आणि न्यायला एक जण बस होतो. तू तिला छातीशी धरलंस, आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून. माझ्या हातात कुणीतरी जाड्या मिठाची पिशवी दिली. मी तेव्हाही बडबड्याच. वाटेत विचारलं, 'काका, मीठ काहून?'

'कुत्रे उकरत नाहीत.'

त्यानंतर मी गप्प झालो. माझ्या आयुष्यातला तो पहिला गप्पपणा असावा.

नाल्यापलीकडे ते चिंचेचं झाड होतं. त्याखाली लहान लहान उंचवटे, कितीतरी, वर बाभळीचे काटे ठेवलेले. कुठे एक पालथी वाटी, कुठे खुळखुळा. सगळ्या वस्तीची तान्ही लेकरं तिथंच ठेवत, हे मला तेव्हा कळलं. कुणाचंच नाव कुठेही नाही. तू खाली उतरून तिला ठेवलंस. काका म्हणाले, 'टाक,' आणि मी मीठ टाकलं. ते लुगड्यावर पडताना आवाज झाला, पहिल्या बारीक पावसासारखा. 'मागं पाहू नका,' काका म्हणाले. तू पाहिलं नाहीस. मी पाहिलं.

घरी आलो तर तुझ्या आईनं मला जवळ बोलावलं आणि एवढंच विचारलं, 'मीठ बरोबर टाकलं ना रे बाबू?' त्यानंतर त्या घरात तो विषय संपला. बारसं झालं नव्हतं. जिला नाव नाही तिच्याबद्दल बोलायचं कसं? तू वहिनींना सांगितलं नाहीस, अमोलला सांगितलं नाहीस. सगळ्या शहराचे मेलेले शोधत फिरलास आणि घरातलं एक लेकरू पोटात ठेवलंस.

मग लॉन आलं. नागपुरात आता लग्न घरी होत नाही, देवळात होत नाही, लॉनवरच होतं. चिंच तोडली, मुरूम टाकून जमीन सपाट केली, त्यावर प्लास्टिकचं हिरवं गवत. लॉनवाले प्रमोदभाऊ आपल्याच वस्तीतले, त्यांच्या बापाचं वावर त्या जागेला लागून होतं. वावर कुठं संपलं आणि मसनवटी कुठं सुरू झाली हे फक्त तुझ्या नकाशाला ठाऊक. आणि मी त्या लॉनचा ठरलेला निवेदक झालो. लग्नसराईत महिन्याला दहा दहा कार्यक्रम. तुला मी सांगितलं तेव्हा तू फक्त 'बरं' म्हणालास.

एका रविवारी तू मोजणी पुरी करून आलास. 'मंच आहे ना त्यांचा, त्याच्या डाव्या हाताले फुलांच्या कमानीचा खांब असते. तिथं आहे ती.'

मी म्हटलं, 'तिथं तर मी उभा राहतो.'

'हो,' तू म्हणालास.

तुला लॉन पाडायचं नव्हतं, भांडण नको होतं. कुंपणाकडेचा हातभर कोपरा मोकळा राहावा आणि तिथे एक दगड लागावा, इथं वस्तीची तान्ही लेकरं आहेत, एवढा. अर्ज केलास. साहेबानं सांगितलं, नकाशावरचं अक्षर पुसट आहे, डोळ्यांनी पाहिलेला माणूस आणा, शपथपत्र आणा. तू यादी केलीस. वस्तीतले सगळे जुने बाप्ये लिहिलेस आणि एकेकावर काट मारत गेलास. नारायणकाका गेले. हा गेला, तो पोराकडे पुण्याला जाऊन तिथे गेला. बाईमाणसाचं एकही नाव त्या यादीत नव्हतं आणि ते आपल्या दोघांपैकी कुणाला खटकलंही नाही. बाया मसणात जात नाहीत, मग त्यांना काय ठाऊक असणार? यादीत शेवटी एकच नाव उरलं.

तू त्या पोह्यांच्या टपरीवरच विषय काढलास. 'एक कागद आहे बे. सही कर.'

मी तर्रीत पाव बुडवत होतो. 'मला नीट आठवून नाही राहिलं, वसंता.'

'काय नाही आठवून राहिलं?'

'लहान होतो गा आपण. जागा नेमकी...'

'मीठ कोणाच्या हातात होतं?'

'आठवत नाही.'

तू माझ्याकडे बघितलंस. रागानं बघितलं असतंस तर मी भांडलो असतो, मला भांडण छान जमतं. तू मोजत होतास. जमीन बघायचास तसं, कुठून कुठपर्यंत खरी आहे आणि कुठून अतिक्रमण. मग पोह्यांचे पैसे देऊन उठलास.

चार महिने तुझी स्कूटर आली नाही. पाचव्या महिन्यात एका रविवारी सहाला हॉर्न वाजला. 'चाल, कामठी रोडकडे एक सापडलं आहे,' म्हणालास, जणू काही झालंच नव्हतं. तो विषय तू पुन्हा कधी काढला नाहीस. शेवटपर्यंत नाही. मी वाट बघत होतो तू काढशील याची, शप्पथ. काढला असतास तर मी... जाऊ दे. मेलेल्या माणसाशी खोटं बोलण्यात काही हशील नाही. तेव्हाही मी लग्नसराई बघितली असती.

लोकांच्या थुंकीची किळस मला नेहमी यायची. तुझ्या जाण्यानंतर कळलं की माझं तोंड त्यांच्यापेक्षा स्वच्छ नाही. त्या मोटारसायकलवाल्याला निदान, तुझ्या म्हणण्याप्रमाणे, माहीत नव्हतं.

तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी अमोलचा फोन. 'काका, लॉन भेटलं! ऐन सीझनमध्ये! प्रमोदभाऊ म्हणाले, तुमच्या बाबांसाठी दुपारचं देतो.' बिचारं पोर खूश होतं. इतक्या घाईत बापाचं काहीतरी चांगलं करता आलं म्हणून. मी सांगू शकत होतो. तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, 'छान.'

तर ऐक तुझ्या तेरवीचा थाट. आदल्या दिवशी तिथं रिसेप्शन होतं, त्याची सजावट उतरवायला माणसं मिळाली नाहीत. त्यामुळे मंचावर थर्माकोलचं मोठं लाल हृदय, त्यात कुण्या जोडप्याची नावं, आणि समोर नवरा-नवरीच्या मखमली सोफ्यावर हार घातलेला तू, आधार कार्डासह. अमोलनं नावांवर पांढरा कपडा टाकला होता, तो पंख्यानं उडून उडून पडत होता. आदल्या दिवशीचा गुलाबपाण्याचा वास, शिळ्या दह्याचा वास, आणि नाल्याकडच्या कोपऱ्यातून वारा आला की तिसरा, जो सगळ्यांना ठाऊक आहे आणि ज्याचं नाव कुणी घेत नाही. प्लास्टिकच्या गवतात तांदळाच्या अक्षता आणि चेंगरलेला रसगुल्ला. मी तिथे आयुष्याचे शेकडो दिवस उभा राहिलो आहे. त्या दिवशी पहिल्यांदा पाय नीट टेकवेना.

प्रमोदभाऊ पांढऱ्या कपड्यात, हात जोडून फाटकात. 'चांगला माणूस होता. थोडा सनकी होता, पण चांगला.' मग माझ्या कानाशी: 'दोनच शब्द बोला मामा. पब्लिक भुकेली आहे.' त्यांची म्हातारी आई कूलरच्या समोर खुर्चीत बसली होती. वस्तीतली सर्वांत जुनी बाई म्हणून तिला मानानं पहिलं ताट दिलं होतं, आणि ती कुणाकडेही न बघता जिलबी दुधात भिजवून खात होती.

मी मंचावर चढलो. नेहमीच्या जागी. डाव्या हाताला, कमानीच्या खांबाजवळ. माईक हातात आला आणि जिभेनं आपणहून सुरुवात केली, 'आजच्या या मंगलप्रसंगी...'

हसले रे लोक. तुझ्या तेरवीला. तुझ्या साडूला तर ठसका लागला. वहिनींनी मान खाली घातली. मला इतकी शिसारी आली माझ्या त्या गुळगुळीत आवाजाची, की वाटलं माईकच गिळावा म्हणजे दोघंही गप्प होऊ. आणि मग, वसंता, मी विनोदानं सावरून घेतलं नाही. मला विनोद सुचला होता, चांगला सुचला होता. तो मी सोडून दिला. माझ्या धंद्यात याची किंमत काय असते ते तुला कळणार नाही.

मी म्हटलं, 'वसंताला एक बहीण होती.'

वहिनींनी वर पाहिलं.

'आठ दिवसांची होऊन गेली. नाव ठेवायचं राहिलं. वसंता इथं कुणाच्या लग्नाला आला नाही ते तेलामुळे नाही. मी उभा आहे ना, इथं खाली ती आहे. तिच्याबरोबर या वस्तीची आणखी किती लेकरं आहेत ते मला माहीत नाही. पण ती इथं आहे, कारण वसंतानं तिला खाली ठेवलं तेव्हा मीठ माझ्या हातात होतं. वसंतानं माझ्याकडे हे लिहून मागितलं होतं. मी आठवत नाही म्हणालो. मला आठवत होतं.'

एकानं तोंडातला घास कागदी रुमालात काढला. दुसऱ्यानं हातातला गुलाबजाम परत पातेल्यात टाकला, उष्टा. तिसऱ्यानं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, गडबडीत जेवण आवरलं जाईल म्हणून पटकन आणखी चार जिलब्या उचलल्या. आणि अमोल. त्याचा चेहरा मी तुला सांगणार नाही. तो माझ्यापाशी आला आणि जिथं मी उभा होतो तिथून त्यानं मला दंडाला धरून हळूच बाजूला केलं, कुणाच्या पायावर पाय पडल्यावर करतात तसं. मग स्वतः चपला काढल्या.

तेवढ्यात प्रमोदभाऊ मंचापाशी. 'मामा, हे काय बोलून राहिले तुम्ही? तेरवीत?'

'खरं बोलून राहिलो.'

'प्रूफ काय? तुमच्या दोस्तानं जिंदगीभर अर्ज केले, एक साक्षीदार नाही भेटला त्याले.'

'मी आहे.'

'तुम्ही?' ते हसले, आणि वसंता, त्यांच्या जागी मीही हसलो असतो. 'इथंच उभं राहून शायऱ्या म्हणत होते, तवा नाही आठवलं काहून? माह्या पोरीच्या लग्नात नाचले तुम्ही, ह्याच जागेवर! तवा कुठं होतं लेकरू?'

मी माईक तोंडापासून खाली केला. वहिनी पुढे येऊन तुझ्या फोटोपाशी जमिनीवर बसल्या. कुणीतरी म्हणालं, 'जाऊ द्या ना भाऊ, तेरवी आहे.' कुणी म्हणालं, 'पोलिसात जा, इथं नको.' प्रमोदभाऊंनी माझ्या हातातून माईक घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगू लागले, की हे त्यांच्या बापाचं वावर होतं, इथं ज्वारी पिकायची, मसनवटी नव्हती, लेकरूबिकरू काही नव्हतं, एका सनकी माणसानं अफवा उठवली आणि दुसरा ती त्याच्या तेरवीला गाऊन राहिला. 'कोणाला पाहिजे तर विचारा. वस्तीत सगळ्यात जुनं माणूस माही आई आहे.' आणि कूलरकडे वळून, मोठ्यानं, 'आई! सांग वं यायले! इथं काय होतं?'

म्हातारीनं दुधाची वाटी खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं. लोकांकडे नाही, माझ्याकडे नाही, सरळ पोराकडे बघून ती खेकसली:

'तुले तवाच म्हटलं होतं ना म्या, त्या कोपऱ्यात संडास नोको बांधू! तुहा मोठा भाऊ हाये तिथं!'